खापरांचे रुमाल

उत्खननाच्या हंगामाचा शेवटचा दिवस ज्याने पाहिला आहे, त्याला तो ट्रक आठवतोच. तंबू उतरवलेले असतात, चुली विझलेल्या असतात, गावातली मुले रिकाम्या डब्यांसाठी घुटमळत असतात आणि ट्रकमध्ये एकेक गोणी चढत असते. गोण्यांत खापरे, पेट्यांत हाडे, कापसात गुंडाळलेले मणी, पुड्यांत कोळसा आणि जळके दाणे. नोंदवह्या आणि नकाशांची गुंडाळी मात्र ड्रायव्हरच्या शेजारी, कोणाच्या तरी मांडीवर. मागे खड्डे बुजवायला सुरुवात झालेली असते. पाऊस पडला की तिथे पुन्हा बाजरी उभी राहील.

त्या घटकेपासून ते जुने गाव शेतात उरलेले नसते, ते ट्रकमध्ये असते. उत्खननात थर उचलला की थर संपला. चूल कुठे होती, तिच्या राखेत काय सापडले, शेजारचा रांजण चुलीच्याच वेळचा की नंतर कोणी खड्डा करून पुरलेला, हे त्या दिवशी जेवढे पाहिले आणि जेवढे लिहून ठेवले तेवढेच आपल्या हाती राहते. पुन्हा जाऊन पाहावे म्हटले तर पाहायला काही नसते. तो ट्रक कुठे जातो, त्यातले काय कुठे उतरते, कोण सही करून ताब्यात घेते आणि पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला त्यातली नेमकी हवी ती पिशवी सापडते की नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या सगळ्या साठ्याला मराठीत रूढ नाव नाही. ‘पुरावस्तू’ म्हटले की काचेच्या कपाटातली मूर्ती डोळ्यांसमोर येते, आणि ‘अर्काइव्ह’ हा शब्द आपण कागदपत्रांपुरताच वापरतो. मी याला उत्खनन-दफ्तर म्हणतो. दफ्तर म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून द्यावे लागत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापून घेतले. त्याच्याही आधी, १८९८ मध्ये, वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला होता, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. मूळ कागद पाहिल्याशिवाय विधान करू नये, ही शिस्त या मंडळींनी आपल्याला लावली. माळ्यावरच्या बाडातला धान्याचा हिशेबसुद्धा त्यांनी जपून उचलला, कारण उद्या त्याला कोण काय विचारील हे आज सांगता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

खापराच्या गोणीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी हा अगदी त्याच जातीचा मूळ कागद आहे. तिच्यावर उत्खननाचे नाव, वर्ष, चराचा क्रमांक, थर, खोली आणि तारीख असते. गोणीत तीनशे खापरे असोत. ती चिठ्ठी गेली की ती नुसती मडक्यांची मोडतोड. आपण मोडी कागदांना रुमाल दिले, पण या चिठ्ठ्यांना अजून दिलेले नाहीत.

दफ्तरात काय काय येते? सापडलेल्या वस्तू तर येतातच; आणि त्यात देखण्या वस्तूंइतकाच फुटक्या तुकड्यांचा, हाडांच्या चुऱ्याचा, माती चाळून निघालेल्या दाण्यांचा आणि मातीच्या नमुन्यांचा समावेश असतो. त्यांच्या सोबतीला चराच्या रोजच्या नोंदवह्या, पुरावस्तूंचे रजिस्टर, चराच्या भिंतींची मोजून काढलेली छेदचित्रे, वस्तीचे आराखडे, फोटो आणि त्यांच्या निगेटिव्ह, प्रयोगशाळांना पाठवलेल्या नमुन्यांची यादी व आलेली उत्तरे, मजुरांचे हजेरीपट, परवान्याचा पत्रव्यवहार. आता यात संगणकातल्या फाइलीही आल्या. हजेरीपटाची गरज काय, असे एका तरुण अभ्यासकाने मला विचारले होते. कुठल्या दिवशी कुठल्या चरात किती हात होते, यावरून त्या दिवशी माती किती घाईने निघाली याचा अंदाज येतो. आणि घाईने निघालेल्या मातीतून बारीक मणी निसटतात. शिवाय त्या पटावरची नावे त्या गावची आहेत. आपल्या आजोबांनी इथे कुदळ चालवली, हे नातवाला कधी तरी पाहायचे असेल.

सोबतचा पुरावा नसलेल्या वस्तूचे काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण दायमाबादचे आहे. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात हे टेकाड आहे. १९५८ मध्ये ते पुरातत्त्वज्ञांच्या नजरेस आले आणि म. न. देशपांडे यांनी तिथे पहिले उत्खनन केले. मग १९७४ मध्ये एका स्थानिक माणसाला झाडाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. दोन बैल जुंपलेला आणि उभा सारथी असलेला सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीचा रथ, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. भरीव ओतकामाच्या या वस्तू पाहिल्या की अजूनही शब्द सुचत नाहीत. सारथ्याच्या पायांची ठेवण, रेड्याच्या मानेतला जोर, हे ज्याने घडवले तो कारागीर आपल्या काठचा होता, या विचाराने ऊर भरून येतो.

पण तो कोणत्या काळातला? एस. आर. राव यांनी १९७४-७५ मध्ये आणि त्यानंतर एस. ए. साळी यांनी १९७९ पर्यंत तिथे पद्धतशीर उत्खनन केले, आणि सावळदा संस्कृतीपासून जोर्वे संस्कृतीपर्यंतचे थर एकावर एक उलगडून दाखवले. साळींचा अहवाल १९८६ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने छापला. त्या थरांतल्या मडक्यांविषयी आज बऱ्याच खात्रीने बोलता येते. ब्राँझविषयी मात्र येत नाही. म. के. ढवळीकर यांनी ते उत्तर हडप्पाकालीन मानले. धातूतल्या आर्सेनिकचे प्रमाण पाहून डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली आणि ते बरेच नंतरचे असू शकतील असे सुचवले. दोघेही आपापल्या विषयातले थोर जाणकार. पण त्या चार वस्तू मातीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या भोवतीची माती कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे निर्णायक साक्षीदारच नाही. मुळाशी खणणाऱ्या त्या माणसाचा यात काहीही दोष नाही. मला सांगायचे आहे ते असे, की चांगले उत्खनन झालेल्या जागेचे दफ्तर हरवले की तिथल्या साऱ्या वस्तूंची स्थिती दायमाबादच्या ब्राँझसारखी होते. ती वस्तू पुन्हा एकदा, या वेळी आपल्याच गोदामात, मुळापासून उपटली जाते.

याउलट इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हंगामामागून हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी इथे एक जुने शेतकरी गाव मोठ्या क्षेत्रावर उघडे केले. इ. स. पू. १६०० च्या सुमाराचे माळवा काळातले थर खाली, त्यावर पूर्व जोर्वे आणि सर्वांत वर इ. स. पू. ७०० पर्यंत येणारे उत्तर जोर्वे. शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने. लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून त्यात ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावले तोडलेली आढळतात. एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, बिनभाजल्या मातीचा पोटाळ रांजण मिळाला आणि त्यात बसलेल्या अवस्थेतला पुरुष. १९८८ मध्ये मुख्य अहवाल आला. त्याआधी, १९८६ मध्ये, मानवी सांगाड्यांवरचा ल्युकाक्स आणि वाळिंबे यांचा स्वतंत्र खंड आला होता.

अहवाल छापला, काम संपले, असे मानले असते तर ती हाडे गोदामातली अडगळ ठरली असती. ती ठेवली गेली, क्रमांकांसह. एकविसाव्या शतकात ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधिकेने पुण्यात येऊन नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथली मुलांची हाडे पुन्हा मोजली. बाळांची वाढ कुठे खुंटली, कुपोषणाच्या खुणा कोणत्या काळात वाढल्या, हे तिने पाहिले, आणि २०११ मध्ये तिचे पुस्तक आले. पाऊस कमी होत गेला म्हणून ही गावे खालावली, ही जी मांडणी आपण शाळेत शिकलो तिची त्या हाडांवरून नव्याने तपासणी झाली. तिचे निष्कर्ष सगळ्यांना पटोत न पटोत. ढवळीकरांच्या पिढीने केलेल्या मांडणीला त्याच पिढीने जपलेल्या पुराव्यावरून प्रश्न विचारता आला, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्या विरोधात जाऊ शकेल असा पुरावाही जपून ठेवणे, यापेक्षा संशोधकाच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण मला माहीत नाही. तिला हे करता आले, कारण कुठले बाळ कुठल्या घराखाली आणि कुठल्या थरात पुरले होते, ते हाडांसोबत लिहिलेले होते.

१९६८ मध्ये कोणाला कल्पना होती की कानाजवळचे एक टणक हाड जनुकांच्या अभ्यासासाठी इतके महत्त्वाचे ठरेल? २०१९ मध्ये राखीगढीच्या एका सांगाड्यातल्या तशाच हाडातून हडप्पाकालीन व्यक्तीचा जनुकीय आराखडा मिळाला, तोही कितीतरी सांगाड्यांतून प्रयत्न फसल्यावर एकाच. कोळशाचे तसेच. कार्बन-१४ पद्धतीने काळ ठरवण्यासाठी पूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या प्रयोगशाळेला काही ग्रॅम कोळसा पाठवावा लागे. आता काही मिलिग्रॅम पुरतात, एखादा जळका दाणाही पुरतो. म्हणजे पूर्वी ‘फारच थोडा’ म्हणून बाजूला ठेवलेली पुडी आज पुरेशी आहे, जर ती ठेवली असेल तर. खापरांच्या पोटात मुरलेल्या चरबीवरून त्या भांड्यात काय शिजले हे ओळखता येते. इथे एक चुटपूट मनाला लागते. आम्ही विद्यार्थी असताना खापरे ब्रशने घासून घासून धूत असू आणि त्यातच मोठेपणा मानत असू. ज्या उत्खननात थोडी खापरे न धुता ठेवली गेली, तिथले नमुने आज जास्त भरवशाचे असतात.

गोव्यातले उदाहरण वेगळे आणि हृद्य आहे. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठात, जुन्या पोर्तुगीज नोंदींच्या आधारे, जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी शोधल्या जात होत्या. २००४ च्या सुमारास पुरातत्त्व सर्वेक्षणाला तिथे अस्थी मिळाल्या. हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रात त्यांची जनुकीय तपासणी होऊन निष्कर्ष यायला जवळजवळ दहा वर्षे लागली. एका अस्थीचा मातृवंश भारतात न आढळणाऱ्या गटातला निघाला. इतर अस्थींचा इथल्याच लोकांतला. दहा वर्षे त्या अस्थी वेगवेगळ्या, आपापल्या नोंदीसह राहिल्या नसत्या तर हा फरक कधीच कळला नसता. २०२१ मध्ये भारताने त्यातला अंश जॉर्जियाला दिला, तेव्हा तिथे लोक रस्त्यावर उभे राहून रडले असतील तर मला नवल वाटणार नाही.

दफ्तर जपण्याची गरज मोठ्या माणसांच्या कामालाही तितकीच असते. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ ते १९४८ या काळात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून इथल्या उत्खननाला थरांची शिस्त लावली. सांकलियांनी इंग्लंडमध्ये विद्यार्थी असताना व्हीलर यांच्याच हाताखाली मेडन कॅसलच्या उत्खननात काम केले होते, आणि अहवाल वेळेवर काढायचा ही गाठ त्यांनी पक्की बांधली. जोर्वेचे उत्खनन १९५०-५१ चे, अहवाल १९५५ चा. नेवाशाचे १९५४ ते ५६, अहवाल १९६०. खुद्द व्हीलर यांनी मात्र १९५० मध्ये मोहेंजोदडोला जे उत्खनन केले त्याचा पूर्ण अहवाल कधीच काढला नाही. त्या वेळी तिथे त्यांचे सहायक असलेले लेस्ली अल्कॉक यांनी उरलेल्या नोंदींवरून तिथल्या मातीच्या भांड्यांचा वृत्तान्त लिहिला, तो १९८६ मध्ये आला. मधे ३६ वर्षे गेली. नोंदी टिकल्या म्हणून ३६ वर्षांनीही काम पुरे करता आले.

मोहेंजोदडोचीच आणखी एक गोष्ट. तिथल्या १९२० च्या दशकातल्या उत्खननांत वस्तीच्या भागांना उत्खननकर्त्यांच्या नावांची आद्याक्षरे दिली होती. एचआर म्हणजे हारग्रीव्ह्ज, व्हीएस म्हणजे वत्स, आणि डीके म्हणजे आपल्या पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित, जे पुढे महासंचालक झाले. फाळणीनंतर तिथल्या वस्तू दोन देशांत विभागल्या गेल्या, इतक्या काटेकोरपणे की कंठहाराचे आणि मेखलेचे मणीसुद्धा ओवणीतून काढून वाटले. वस्तू वाटता आल्या; पण कोणती वस्तू कोणत्या घराच्या कोणत्या खोलीत, किती खोलीवर सापडली, हे ज्या क्षेत्रीय रजिस्टरांत होते ती वाटता येण्यासारखी नव्हती. १९८० च्या आसपास जर्मनीतल्या आखेनच्या अभ्यासकांनी, मिखाएल यान्सेन यांच्या पुढाकाराने, ती जुनी रजिस्टरे, छायाचित्रे आणि नकाशे एकत्र बसवून वस्तूंना पुन्हा त्यांच्या घरात नेऊन ठेवायचे काम हाती घेतले. सीमेच्या दोन्ही बाजूंना गेलेली घरे कागदावर पुन्हा एकत्र आली.

आता संग्रहालयाच्या दारात येऊ, कारण खरी अडचण इथेच आहे. उत्खनन करणाऱ्याला वाटते की संग्रहालयाने हात जोडून सगळे घ्यावे. अभिरक्षकाच्या डोळ्यांपुढे वेगळे चित्र असते: गळके छत, भरलेली मांडणी, दोन माणसांचा कर्मचारीवर्ग आणि समोर उभ्या दोनशे गोण्या, ज्यांच्या चिठ्ठ्या निम्म्या वाळवीने खाल्ल्या आहेत. तो चेहरा पाडतो आणि मूर्ती, नाणी, मणी तेवढे द्या म्हणतो. बाकीचे विद्यापीठाच्या जिन्याखाली जाते. मी दोन्ही बाजूंना काही काळ काढला आहे आणि मला दोघांचीही बाजू कळते. पण ‘निवडक घेतो’ हे वाक्य मला मान्य नाही. त्या वाक्याने दफ्तर फुटते. मूर्ती एका गावात, तिचा थर सांगणारी वही दुसऱ्या गावात आणि त्याच थरातली खापरे पावसात.

हे टाळण्याचा एकच मार्ग मला अनुभवाने पटला आहे: देण्याघेण्याचे बोलणे उत्खनन सुरू होण्याआधी व्हायला हवे. इंग्लंडमध्ये बऱ्याच संग्रहालयांची अशी रीत आहे, की काम सुरू होण्यापूर्वीच संग्रहालय नोंदणी क्रमांक देते आणि तोच क्रमांक पहिल्या दिवसापासून प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक चित्रावर पडतो. पेट्या कोणत्या मापाच्या, कागद कोणता, किती पेट्यांमागे किती रक्कम संग्रहालयाला द्यायची, हे आधीच ठरलेले असते. सांभाळायचा खर्च उत्खननाच्या अंदाजपत्रकातच धरला जातो. तिथेही सगळे सुरळीत आहे असे नाही. १९९० नंतर बांधकामाच्या आधी उत्खनन करण्याचा नियम आल्यावर इतका साठा जमला की जागा पुरेना. लंडनच्या संग्रहालयाने हॅकनी भागातल्या एका इमारतीत, जिला व्हीलर यांचेच नाव दिले आहे, २००२ मध्ये दफ्तरखाना अभ्यासकांसाठी उघडला. तिथे साडेआठ हजारांहून अधिक जागांचा साठा आहे. केंब्रिजशर परगण्याने आपल्या पेट्या चेशरमधल्या मिठाच्या खाणीत ठेवल्या, कारण तिथे बाराही महिने हवा कोरडी आणि तापमान स्थिर असते. आपल्याकडे मिठाची खाण नाही आणि कोकणातला आषाढ आहे. पण आधी ठरवण्याला खाण लागत नाही.

आपल्या कायद्याचा सांगाडा तसा पुरेसा आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याखाली आणि १९५९ च्या नियमांखाली उत्खननाला परवाना लागतो, अहवाल देण्याचे बंधन असते. १९७२ चा पुरावस्तू कायदा खरेदी-विक्रीवर नजर ठेवतो. नोंदवह्यांचे आणि निगेटिव्हांचे पुढे काय करायचे, याबाबत मात्र रोजच्या व्यवहारात कोणी विचारत नाही. अहवाल मागितला जातो, वही मागितली जात नाही. आणि अहवालही किती रखडतात, यावर २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी बोट ठेवले आहे.

पुढील प्रकरणांत कामाच्या गोष्टी तपशिलाने आल्या आहेत. वाचकाला त्या क्षुल्लक वाटू नयेत म्हणून इथे दोन-तीन सांगतो. चिठ्ठ्या दोन हव्यात, एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर. बाहेरची फाटते, आतली राहते. पेन्सिलीने लिहिलेले पाण्यात टिकते, बॉलपेनची शाई पसरते. रबरबँड वर्षभरात वितळून कागदाला चिकटतो; सुती नाडा बरा. लोखंड आणि तांबे एका डब्यात ठेवू नये. ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी दिसू लागली तर ती धूळ नव्हे. आतल्या क्षारांना दमट हवा लागून धातू पोखरला जात असतो, आणि ती वस्तू लगेच कोरड्या डब्यात, सिलिका जेलसोबत वेगळी करावी लागते. आणि संगणकीय नोंदी म्हणजे कायमच्या नोंदी, हा भ्रम मनातून काढावा. माझ्या कपाटात १९९० च्या दशकातल्या फ्लॉपी आहेत, त्या वाचणारे यंत्र माझ्या ओळखीत कोणाकडे नाही. त्याच कपाटातली त्याआधीची पेन्सिलीची वही मी काल वाचली. संगणकातला साठा दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यायचा, हे कोणाच्या तरी नावे लिहून दिलेले काम असावे लागते.

काय टाकून द्यावे, हा प्रश्न मी टाळणार नाही. सगळे ठेवता येत नाही. हजारो जाडीभरडी, काठ नसलेली, नक्षी नसलेली खापरे मोजून, वजन करून, नमुना ठेवून कमी करता येतात. पण ते कोणी, कधी, कोणत्या निकषावर कमी केले, ही नोंद दफ्तरात राहिली पाहिजे. नाही तर पुढचा अभ्यासक समजेल की इथले लोक फक्त नक्षीदार भांडी वापरत होते. अशी चुकीची समजूत करून घेतलेले लेख मी वाचले आहेत.

दफ्तर कुठे ठेवावे यावर माझे मत पूर्वी वेगळे होते. मोठ्या शहरात, मोठ्या संस्थेत, हेच मला योग्य वाटे. तेरला गेल्यावर ते बदलले. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावच्या टेकाडांवरून वस्तू वेचल्या. गावातले शासकीय संग्रहालय त्यांच्याच संग्रहातून उभे आहे. त्या वस्तूंना थरांची नोंद नाही, हे त्यांचे उणेपण मी लपवत नाही. पण सातवाहनकाळच्या मातीच्या बाहुल्या बघायला शाळेतली मुले चालत येतात आणि ‘ही आमच्या पांढरीतली’ असे सांगतात. कोल्हापुरात टाऊन हॉलमधल्या संग्रहालयातही हेच जाणवते: ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली पोसायडनची वीतभर ब्राँझमूर्ती पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर आहे. पांढरीची माती शेतकरी खत म्हणून गाड्या भरभरून नेतात, टेकाडे दरवर्षी खाली बसतात. उत्खननाच्या वस्तूही शहरात गेल्या तर त्या गावाजवळ काही उरत नाही. आता मला वाटते, अस्थी, नमुने आणि मूळ वह्या जिथे हवा सांभाळता येते तिथे असाव्यात, आणि प्रत्येक वहीची संपूर्ण प्रत व पाहण्याजोग्या वस्तू तालुक्याला असाव्यात. दोन्हीकडे एकच क्रमांक असला म्हणजे झाले.

शेवटी जुन्या साठ्याविषयी, कारण हे पुस्तक हातात घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी तो असेल. एका संस्थेत रंगकामासाठी खोली रिकामी करताना कामगारांना जागा करून द्यायची म्हणून गोण्यांच्या चिठ्ठ्या काढून एका बादलीत गोळा केलेल्या मी पाहिल्या. चाळीस गोण्या आणि एक बादली. तिथे उभे राहून मला जे वाटले ते अजून वाटते. काही वर्षांनी एका दिवंगत उत्खननकर्त्यांच्या पत्नींनी मला घरी बोलावले. पलंगाखालून त्यांनी पत्र्याची ट्रंक ओढली. वर लग्नपत्रिका, विम्याचे कागद, खाली सात वह्या, छेदचित्रांची गुंडाळी आणि बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्ह. “ह्यांनी सांगितलं होतं, ही कोणाला देऊ नकोस, विचारायला येतील त्यांनाच दे,” त्या म्हणाल्या. विचारायला कोणी आले नव्हते. मी विचारल्यावर त्यांनी चहा ठेवला आणि मग वह्या एकेक करून, पदराने पुसून, माझ्या हातात दिल्या.

तुमच्याकडे अशी ट्रंक असेल तर ती लावू नका, नीटनेटकी करू नका, लग्नपत्रिकासुद्धा वेगळ्या काढू नका. कागद ज्या क्रमाने पडले आहेत तो क्रमही काही सांगतो, आणि मागे कोऱ्या असलेल्या पत्रिकेवर उत्खननकर्त्याने घाईत एखाद्या चराचे चित्र काढलेले असू शकते. त्या ट्रंकेत होते.